दगडावरची बायको

...नाही, पण दगडच का? तुम्हीच सांगा, जगात करायला इतक्या गोष्टी पडल्यात आणि माणसाने दगड रंगवायचा? आयुष्यभर गॅरेजात गाड्या रंगवल्या हो मी, ठोकलेलं बोनेट सरळ कर, खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भर, घास, फवारा मार, पुढची गाडी घे... आणि एक दिवस रिटायर होऊन घरात बसलो. बसलो कसला, बसताच येईना! कपाटाची दारं घासली, खिडकीचं ग्रिल घासलं, बायकोच्या शिलाई मशीनला लांबी लावायला निघालो तेव्हा तिने सरळ बहिणीला फोन केला, "अगं, ह्यांच्या हातात काहीतरी दे, नाहीतर मी घर सोडते!"

मेहुणी आली ती पिशवीभर गोटे घेऊनच. ती हस्तकलेचे क्लास घेते ना! "भावजी, दगड रंगवा. मन कसं शांत होतं!" शांत? तुम्हाला सांगतो, तो गोटा समोर ठेवला की माझा पाय हलायला लागतो. इकडे खड्डा, तिकडे टेंगूळ, बघवतं का? मी आपली सवयीने लांबी भरली, पाणी मारून घासकागदाने घासला, प्रायमरचा हात दिला, असा गुळगुळीत केला की माशी घसरावी. तर मेहुणीने कपाळावर हात मारला, "भावजी! दगड आहे तो, बोनेट नव्हे! सगळा दगडपणा घालवलात की त्याचा!" आता हा दगडपणा काय असतो हो? मी काय म्हणतो, दगड होता, बरा होता!

बरं, रंगवला. लाल किडा, पाठीवर काळे ठिपके. बायको चष्मा लावून बघते, "टोमॅटो का? नासलाय वाटतं." मांजर काढलं. "अगंबाई, खालच्या मजल्यावरचे काका छान आलेत!" दगड होता, बरा होता!

पण खरं सांगू का... मला ते लागायचं. लग्न झाल्यापासून मी केलेली एक वस्तू बायकोला पसंत पडली असेल तर शपथ. साडी आणली, "बदलून देतात का विचारलंत?" फळी ठोकली, "तिरकी आहे." आहे हो, आहे तिरकी! पण एकदा, नुसतं एकदा, तिने 'छान' म्हणावं, असं वाटतं की नाही माणसाला? म्हणून ठरवलं, वाढदिवसाला तिचाच चेहरा काढायचा. दगडावर. गुपचूप.

आणि गुपचूप कुठे, तर बाथरूममध्ये! बादली पालथी घातली, वर बसलो, मांडीवर गोटा. बाहेरून हाक, "अहो, पोट बिघडलंय का?" "हो!" "औषध देऊ?" "नको!" अशी रोजची नाटकं. गालाला रंग, केसांना रंग, आणि डोळे, भुवया, ओठ बारीक काळ्या मार्कर पेनाने. आणि काय सांगू... आली हो! हुबेहूब आली! रुसून हसते ना ती, तश्शी! मी एकटाच बादलीवर बसून हसतोय, इतका खूश मी शेवटचा कधी झालो होतो, आठवत नाही.

राहिलं काय? वरून वॉर्निश. वाढदिवसाच्या दिवशीच. मेहुणीने बजावलेलं, "भावजी, फवारा नको हं! हस्तकला आहे, ब्रशनेच मारायचं!" आणि मी, मी ज्याने जन्मभर फवारा मारला, मी ऐकलं! पहिलाच हात फिरवला आणि मार्करची शाई निघाली फिरायला! उजवा डोळा कानाकडे चालला. तो थांबवायला ब्रश उलटा फिरवला तर भुवया एकमेकींना जाऊन चिकटल्या. ओठ खाली लोंबले, गालांवर सुरकुत्या, वरच्या ओठावर चक्क मिशी! आणि तेवढ्यात दार... कडी लावायची राहिलेली! बायको आत!

बघत राहिली. मी म्हटलं, "हे बघ... म्हणजे... मी सांगतो..." आणि ती एकदम, "आई!" मी म्हटलं, कुठे? "अहो, ही माझी आई! रागावली की अश्शीच बघायची! मिशीसुद्धा!" आणि रडायलाच लागली हो! दगड छातीशी धरून! "जाऊन इतकी वर्षं झाली, किती लक्षात ठेवलंत तिला! छान केलंय हो... फार छान केलंय!"

'छान' म्हणाली! आता सांगा, काय करू? सांगू, की बाई गं, ती तू आहेस? जिवंत राहायचंय मला! मेहुणी आली, तीही ढसाढसा, तिचीही आईच की ती! आता सासूबाई टीव्हीच्या वर. बातम्या लावल्या की माझ्याकडे बघतात, हयात असताना बघायच्या तशाच. दगड होता, बरा होता!

आणि एवढ्यावर मिटलं असतं तर काय हवं होतं! कालच बायको नवा गोटा घेऊन आली, पुसून हातात दिला, लाडात येऊन म्हणते, "अहो, आता बाबांचा करा ना." आता सासरे कसे काढायचे, मला येतं का? मला येते ती एकच गोष्ट. बायकोच काढलीय पुन्हा... आता वॉर्निश मारायला घेतो, आणि या वेळी मिशीपाशी ब्रश जरा जोरात फिरवतो.