टाकीचं डोकं खाली

नीलम्मा : उलटी? उलटी म्हंजे डोक्यावर? रुद्र्या, काल खंडेनवमीला पुजलीया ती. विभूती तरी पुसली का बघ तिची.

रुद्रप्पा : अव्वा, फ्रीजमधल्या गॅसची टाकी आहे ती. लोखंडाची.

नीलम्मा : मग तुझा पाना, हातोडी कशाची हाय? त्यास्नी बी पुजलंच की मी. वर्षभर ह्या दुकानावर जेवतोस, आन् दसऱ्याच्या सकाळी लक्ष्मीला डोक्यावर हुबं करतोस व्हय! गंगे, तू सांग तुझ्या भावाला.

गंगम्मा : मला मधी घालू नगो अव्वा. मी मोहोळास्नं गॅसची रिकामी बाटली घिऊन आलीया. अण्णा बाटली भरून देनार, मी संध्याकाळच्या आत माझ्या दुकानात. तितं मायाप्पा मिस्त्री माझ्या पेटीत गॅस भराया वाट बघत बसलाय.

रुद्रप्पा : ऐकलंस? आज दसऱ्याला तिचं आईस्क्रीमचं दुकान उघडायचंय.

नीलम्मा : मग भर की! कोन नगो म्हंतंय? सरळ हुबी ठेवून भर. चहाची किटली काय उलटी करून वततात?

रुद्रप्पा : किटलीला चोच असते अव्वा. हिचं तोंड वर आहे.

गंगम्मा : अण्णा, अव्वाचं मन राख की. सणाचा दिस हाय. सरळ ठेवून काढलंस तर काय बिगडतंय? जरा येळ लागंल, लागू दे.

रुद्रप्पा : वेळेचं नाही गं. बस इथं, सांगतो. या टाकीत एक गॅस नाही, दोन आहेत. कारखान्यात मापून मिसळलेले. एक चपळ, एक मंद. दोघं मिळून जे गार करतात ना, ते एकट्याच्यानं होत नाही.

नीलम्मा : नवराबायकोगत.

रुद्रप्पा : तसंच समज. आता टाकीत खाली पातळ असतं आणि वर वाफ. पातळात दोघं मापात असतात. पण वाफेत चपळ जास्त, तोच आधी उडतो. टाकी सरळ ठेवून व्हॉल्व्ह उघडला की नुसती वाफ येते. चपळ निघून जातो, मंद मागं राहतो. माप मोडलं की संपलं, पुन्हा घरी जुळवता येत नाही.

गंगम्मा : आन् उलटी केली की?

रुद्रप्पा : तोंडाशी पातळ येतं. जसं मिसळलंय तसंच बाटलीत उतरतं. म्हणून तर तुझी बाटली बर्फाच्या घमेल्यात ठेवलीय, पातळ आपसूक ओढलं जावं म्हणून. अर्ध्याहून थोडी जास्त भरायची, गच्च नाही. ऊन लागलं तर फुगायला जागा पाहिजे.

नीलम्मा : लई सांगितलंस. मला एक सांग, तुझी आईस्क्रीमची पेटी बी ह्याच टाकीतनं भरनार न्हवं?

रुद्रप्पा : हो. अर्धा माझ्या पेटीला, अर्धा गंगीला.

नीलम्मा : झालं मग! आधी तुझी भरून घे. तू थोरला हायस. मग उरंल ते तिला दे. सरळ ठेवूनच.

गंगम्मा : हां, घ्या! आली अव्वा मूळ पदावर.

नीलम्मा : का गं? काय वंगाळ बोलले?

गंगम्मा : वंगाळ न्हाय गं बाई. दूध तापलं की साय अण्णाच्या वाटीत आन् खालचं दूध माझ्या वाटीत. तेवढं आठवलं.

नीलम्मा : सायीचं काय काढलंस आता? किडकिडीत हुता त्यो. आन् तुला साय आवडत न्हवती.

गंगम्मा : मला इचारलं कुनी?

रुद्रप्पा : गंगे...

गंगम्मा : आरं, हसतीया मी. भांडत न्हाय. अव्वाशी मोहोळात कोन भांडनार, हितंच भांडून घेते.

रुद्रप्पा : अव्वा, पण तू आता नेमकं तेच करायला सांगतेयस बघ. वरनं वरनं आधी मी घेतलं, तर साय सगळी माझ्याकडं. गंगीला मंदच उरेल.

नीलम्मा : मंद म्हंजे? गार हुनार न्हाय?

रुद्रप्पा : पाणी गार होईल. आईस्क्रीम धरणार नाही. पळीनं वाढावं लागेल.

गंगम्मा : अगं बाई! पळीनं? माझ्या सासूबाई तर तेवढ्याचीच वाट बघत्यात. "सून दुकान चालवनार!" म्हनून शेजारच्या बायांस्नी हसत सांगतात. ह्यांनी उजनीच्या धरनावर काम धरलंय, घरी कोन न्हाय, तवा मीच म्हनले की पेटी ठीवते स्टँडजवळ. सासूबाई म्हनाल्या, न्हाई चालली तर ज्वारी ठेवाया बरी हुईल पेटी.

नीलम्मा : ज्वारी? माझ्या लेकीच्या पेटीत?

गंगम्मा : आज आईस्क्रीम पातळ निघालं की संध्याकाळी पोतं आनून वततील. मग मला तोंड उघडाया जागा न्हाय त्या घरात. हसून सांगतीया, पन रात्री झोप न्हाय मला अव्वा.

नीलम्मा : हे मला आधी का न्हाय सांगितलंस?

गंगम्मा : तू म्हनली असतीस, सासूचं ऐक.

नीलम्मा : ...म्हनले असते. बरं, मग उलटं करू या. आधी गंगीला दे, मग तुला.

रुद्रप्पा : टाकी सरळ ठेवून तेही नको. तिच्याकडं चपळ जास्त गेला तर प्रेशर चढेल, कॉम्प्रेसर धापा टाकेल आणि एक दिवस बंद पडेल. आधी-नंतरचा प्रश्नच नाही अव्वा. वरनं काढलं की कुणा एकाचं वाटोळं, बहुतेक दोघांचंही.

गंगम्मा : अण्णा, ऱ्हाऊ दे. अव्वाला सणाच्या दिवशी रडवायचं न्हाय. उद्या काढ. मी सासूबाईंस्नी सांगते, गाडी चुकली.

रुद्रप्पा : आणि त्या पोतं आणतील.

गंगम्मा : आनू देत. एक दिसाचंच हाय.

नीलम्मा : गप बस गंगे. एक दिसाचं म्हनून मीच आयुष्यभर गप बसले. बाजूला हो रुद्र्या. मला हार काढू दे.

(नीलम्मा टाकीवरचा झेंडूचा हार उतरवते आणि पदर खोचून तिच्यासमोर बसते.)

नीलम्मा : आई लक्ष्मी, रागावू नगो. माझ्या लेकीपायी घटकाभर डोकं खाली कर. माझ्यानं हुत असतं तर मीच केलं असतं. शिवा शिवा. उठव आता. मी धरते ह्या अंगानं.

रुद्रप्पा : तू धरू नकोस, जड आहे!

नीलम्मा : तुमा दोघांस्नी कडेवर घिऊन हिरीचं पानी वडलंय मी. गंगे, तू तळाला हात लाव. हां. बसली का तिवईत?

रुद्रप्पा : बसली. नळी जोडली. गंगे, वजनाचा काटा बघत राहा, मी सांगीन त्या आकड्यावर आला की ओरड. अव्वा, हात सोड आता.

नीलम्मा : न्हाय सोडत. आन् आधी बाटलीत सोड. तुझी पेटी मागनं.

रुद्रप्पा : आता काही फरक नाही गं अव्वा. उलटी केल्यावर पहिलं काय, दुसरं काय, दोन्हीकडं सारखंच उतरतं.

नीलम्मा : असंल. तरी पयलं तिचंच.