मामा माझा, मार्क तिला

...आणि वर मलाच म्हणते, "अगं, इतकं तर सोपं होतं!" सोपं? तुम्हाला सांगते, ते सोपं केलं कुणी? मी! युक्ती कुणाची? माझी!

डायफ्राम म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा. त्याला तीन मोठी भोकं. आठव्या मणक्यापाशी अशुद्ध रक्ताची मोठी शीर, दहाव्यापाशी अन्ननलिका, बाराव्यापाशी महाधमनी. रात्री पाठ करा, सकाळी पाटी कोरी! मग मी घरातली वडीलधारी मंडळीच कामाला लावली... एरवी उपदेशापलीकडे त्यांचा उपयोग काय? आठला आत्या येते, निळा स्वेटर घालून, ती शीर. दहाला मामा जेवायला बसतो, ती अन्ननलिका. बाराला आजोबा लालबुंद होऊन ओरडतात, "अजून लोळतेयस?", ती महाधमनी!

आणि मी दीडशहाणी, हे सांगितलं कुणाला? रूममेटला! जिला एकदा वाचलं की पाठ, जिची वही बघून मॅडमना भरून येतं, जिचे केससुद्धा परीक्षेच्या दिवशी शहाण्यासारखे बसतात! "माझं बाई दहा-बारा उलटसुलट होतं गं," म्हणाली. विरघळले ना मी!

तोंडी परीक्षेला ती आधी आत, मी दाराला कान लावून. जे सर वर्षभर खाकरण्यापलीकडे तोंड उघडत नाहीत, ते चक्क हसले! "वा! मामा जेवायला! स्वतः रचलंस?"

आणि ही लाजून, "हो सर... सुचलं असंच."

असंच? माझ्या मामाला कधी बघितलंय तरी का हिनं? युक्ती कुणाची? माझी! असा जळफळाट झाला म्हणून सांगू, माझा स्वतःचा डायफ्राम वर गेला तो खाली यायलाच तयार नाही! तशीच आत गेले.

"दहाव्या मणक्यापाशी काय?"

"मामा!"

"बरं. मामा म्हणजे काय?"

आत्या, स्वेटर, आजोबा, सगळे डोळ्यांपुढे उभे... आणि पुढचं पार गायब!

"आईचा भाऊ, सर."

सरांनी चष्मा काढला. "पुढच्या महिन्यात पुन्हा या. आणि मैत्रिणीची युक्ती उचलायचीच, तर निदान पुरती उचला!"

आता रोज संध्याकाळी ती मला समोर बसवून माझाच मामा शिकवते. आणि खरं सांगू?... मेली शिकवते ना, तेव्हा लक्षात राहतो हो!