जगाचा मेळा आणि आमचे मास्तर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शाळेचे नवे मुख्याध्यापक श्रीयुत राजन्ना गारू, तेलुगूत गारू म्हणजे आपलं ‘राव’. प्रमुख पाहुणे तहसीलदारसाहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे इथं जमलो ते सत्कारमूर्ती सुधाकरराव मास्तर आणि त्यांच्या सौभाग्यवती विमलबाई. जिनिंगचे मालक उद्धवराव. व्याख्यान समितीचे माझे सहकारी. आणि बोथ, इचोडा, तलमडुगु अशा गावोगावहून कापूस वेचणी अर्धी टाकून आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी माणिकराव. इचोड्याला सडकेवर माझं किराण्याचं दुकान आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी परत जाताना पाहून घ्यावं. आज माझ्याकडे काम दिलंय ते आभाराचं. खरं तर आभाराचं भाषण शेवटी असतं, पण अध्यक्ष म्हणाले, तुमचं आधी होऊ द्या, नाही तर लोकांच्या बैलगाड्या निघून जातील. माझी ख्याती त्यांच्यापर्यंत इतक्या लवकर पोचली याबद्दल पहिले आभार त्यांचेच.

दुसरे आभार उद्धवरावांचे. आपण ज्या शेडमध्ये बसलोय ती त्यांची, आणि आज ऐन हंगामात ढीग सरकवून त्यांनी जागा करून दिलीय. हंगामात इथं कापसाचे ढीग लागतात. पण दसऱ्याच्या सुमारास शेड रिकामी असते, आणि मास्तरांनी १९५० साली नेमकं हेच हेरलं. तरुण मंडळींना कदाचित कळायचं नाही की त्या वेळी सभा भरवणं म्हणजे काय होतं. निजामी अमलात चार माणसं एका जागी बसून बोलू लागली की पोलिसांचा अमीन येऊन विचारायचा, काय खलबत चाललंय? पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं, तोंडावरचा हात निघाला. पण तोंड उघडायची सवयच नव्हती हो! मास्तर म्हणाले, आधी ऐकायची सवय लावू, बोलायची आपोआप लागेल. आणि त्यांनी काढली ‘जागतिक घडामोडी व्याख्यानमाला’. दसऱ्याच्या सुट्टीत तीन दुपारी, तीन व्याख्यानं. लोकांना एवढं लांब नाव कुठं पेलतंय! आपण सगळे म्हणतो, जगाचा मेळा.

तलमडुग्याच्या चंपतरावांना मी तेव्हा विचारलं होतं, का हो, जगाचं ऐकून तुम्हाला काय करायचंय? ते म्हणाले, “आता बोलू देऊन राह्यले तं ऐकून तरी घेऊ ना बापा. उद्याचं कोनाले मालूम?”

पहिल्याच दुपारी मेळा बुडता बुडता वाचला, ही गोष्ट तहसीलदारसाहेबांना माहीत नसेल. नागपूरहून एक प्राध्यापक आले होते. विषय होता कोरियाची लढाई. मोठे विद्वान, स्वच्छ धोतर, समोर टिपणांचे कागद. त्यांनी पहिलं वाक्य टाकलं आणि शेडभरातून आवाज आला, “हूं.” दुसरं वाक्य, पुन्हा “हूं.” तिसऱ्याला तर चंपतरावांनी पुढं बसून असा दणदणीत “हूंऽऽ” दिला की प्राध्यापक थांबलेच. त्यांना वाटलं लोक टर उडवताहेत. त्यांनी कागद गोळा केले आणि खुर्ची मागं सारली.

आता आपल्याकडे कोणी काही सांगत असेल तर समोरच्यानं हुंकार द्यायचा, ही आपली रीतच. हुंकार नसेल तर सांगणाऱ्यानं काय भिंतीशी बोलायचं? पण नागपूरच्या कॉलेजात ही रीत नसावी. मास्तर धावत पुढं गेले. म्हणाले, “साहेब, ही मंडळी गप्प बसली तर समजा की उठून जाणार आहेत. हूं म्हणताहेत म्हणजे तुमच्याबरोबर चालताहेत.” प्राध्यापकांनी कागद पुन्हा मांडले आणि मग ते असे खुलले की संध्याकाळची वेळ झाली तरी थांबेनात. उतरताना त्यांच्या कोटाला जिनिंगमधला कापूस चिकटला होता, तो त्यांनी झटकलाही नाही.

पुढच्या वर्षापासून मास्तर प्रत्येक पाहुण्याला आधीच सांगून ठेवायचे. कोणीही परत बिचकलं नाही. पण मास्तरांचं काम एवढंच नव्हतं. सतरंज्या गोळा करायच्या, पाहुण्याची उतरायची सोय करायची, बायकांची बाजू रिकामी राहू नये म्हणून विमलबाईंनी घरोघर जायचं. विमलबाई, तुमचे आभार मानायला मी वेगळं भाषण करायला हवं, पण अध्यक्ष माझ्याकडे पाहताहेत. एवढंच सांगतो की तुम्ही माझ्या घरी आला नसतात तर माझ्या घरचं माणूस चुलीपासून उठलं नसतं. आता ते उठतं, मेळ्याला येतं आणि मला कोण कुठला पंतप्रधान ते विचारतं. मला येत नाही, ही गोष्ट वेगळी.

बायकांच्या बाजूचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्रेपन्न सालचा मेळा. कोरियाची लढाई थांबली होती आणि आपल्या देशाची फौज तिथल्या कैद्यांवर देखरेख करायला गेली होती. हैदराबादहून आलेले एक वक्ते त्यावर फार सुरेख बोलले. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. बायकांतून एक हात वर आला. तलमडुग्याच्या राहीबाई. ज्वारी-कापसाची शेती सांभाळणारी बाई, व्याख्यानाला पहिल्यांदाच आलेली. उभी राहिली आणि म्हणाली, “माहं पोरगं तिथं गेलं हाय फौजेत. तिथं खातात काय?”

लोक हसले. माझ्या शेजारचे तर गुडघ्यावर थाप मारून हसले. एवढं मोठं राजकारण चाललेलं आणि ही बाई जेवणाचं विचारते! मास्तर हसले नाहीत. ते वक्त्यांजवळ गेले आणि मोठ्यानं म्हणाले, “प्रश्न असा आहे, की ज्या देशात आपली मुलं पाठवली आहेत तिथला माणूस कसा जगतो?” हसणारे सावरून बसले. वक्त्यांनी चष्मा काढला, टिपणं बाजूला ठेवली आणि सांगू लागले. भात खातात, कोबी मुरवून ठेवतात, आणि थंडी अशी की मडक्यातलं पाणी गोठून मडकं फुटतं.

“मडकं फुटते?” राहीबाई म्हणाली. “मंग गोधडी पाठवा लागन.”

ती गोधडी पाठवायची कशी, हे शोधण्यात मास्तरांची पुढची सगळी सुट्टी गेली. आदिलाबादला दोन खेपा झाल्या. गोधडी पोचली. पोरगं पुढच्या वर्षी सुखरूप घरी आलं, गोधडी काखेत मारून. त्याच्या साहेबानंही ती पांघरून पाहिली होती म्हणे. आणि त्या वर्षी दसऱ्याला राहीबाई पुन्हा हजर. मी विचारलं, “बाई, आता पोरगं आलं ना घरी? आता कशासाठी एवढी गाडी जुंपून आलात?” तर मला म्हणाली, “माहं आलं बापा. दुसऱ्या कोनाचं गेलं असन ना. ते कुटं गेलं, तिथं काय हाय, ते तं मालूम पडलं पायजे.”

मी उठलो आणि तिच्या बैलांना स्वतः पाणी दाखवलं. दुकानदार माणूस असं फुकटचं काही क्वचित करतो.

असो. यंदाचा, छप्पन सालचा मेळा झाला तो सुएझ कालव्यावर. कालवा मिसर देशानं, म्हणजे इजिप्तनं, आपल्या ताब्यात घेतला, आणि मिसरचा कापूस म्हटल्यावर आपल्याकडे कान टवकारले जाणारच. मेळा उत्तम झाला. आणि पंधरा-वीस दिवसांत दोन गोष्टी झाल्या. तिकडे कालव्यावर लढाई पेटली, आणि इकडे एक नोव्हेंबरला आपल्या अंगणातून नव्या राज्यांची रेघ गेली.

त्या रेघेबद्दल मी इथं तक्रार करणार नाही. मोठ्या माणसांनी विचार करूनच आखली असेल. आपण आंध्र प्रदेशात आलो. किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. आपल्याच बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल तिकडे गेलं. माझी बहीण इस्लापूरला दिलीय. तिला न विचारता ती परराज्यातली झाली आणि मी तिच्या लेखी परराज्यातला. दोघांनी भाऊबीजेला यावर हसून घेतलं. पण मास्तरांच्या हातात किनवटच्या नेमणुकीचा हुकूम पडला तेव्हा मला हसू आलं नाही. वाईट वाटलं. अजून वाटतंय. मास्तरांची वृद्ध आई तिकडे, मराठी शाळा तिकडे, त्यांनी जाणंच योग्य. हे सगळं मला समजतं आणि तरी वाईट वाटतं.

दिवाळी उलटल्यावर माझ्या दुकानात समितीची बैठक झाली. सगळ्यांचं एकच म्हणणं, मास्तर चालले, मेळा संपला. वक्त्यांना पत्रं कोण लिहिणार? कोणत्या भाषेतला वक्ता आणणार? नव्या राज्यात परवानगी कोणाला मागायची? जवळजवळ ठरलंच होतं की मेळा बंद करायचा आणि उरल्या सतरंज्या देवळाला द्यायच्या. तेवढ्यात कापूस विकायला आलेल्या राहीबाई गूळ घ्यायला दुकानात शिरल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि गूळ राहिला बाजूला.

“बंद काऊन करून राह्यले?”

मी म्हटलं, “बाई, मास्तर जाऊन राह्यले ना.”

“मास्तर गेले म्हून लढाया थांबल्या का? परवाच माहं पोरगं वाचून दाखवत होतं, आपली पलटन मिसरला निघाली म्हून. त्या पोरांच्या मायांनी कोनाले पुसायचं?”

“अहो, पण करन कोन?”

“आतापर्यंत ऐकलं ते काय एका कानानं घेऊन दुसऱ्या कानानं सोडायले ऐकलं?”

तेव्हा दाराशी पेन्सिली घ्यायला उभे असलेले एक गृहस्थ पुढं आले. निर्मलहून नुकतेच बदलून आलेले, तेलुगू बोलणारे, आजचे आपले अध्यक्ष. ते म्हणाले, “माणिकरावगारू, मेळा मी बघतो. तुम्ही मदत करा.”

कोणीतरी विचारलंच, साहेब, तुम्हाला मराठी पुरतं कळत नाही, तुम्ही कसं करणार? तर म्हणाले, “दसऱ्याला मी मागं बसलो होतो. भाषण अर्धं कळलं नाही. पण लोक हूं म्हणत होते ते कळलं. आमच्याकडे गोष्ट सांगताना ‘ऊ’ म्हणतात. ऊ नाही, तर गोष्ट नाही. एक दिवस मराठी बोलू, एक दिवस तेलुगू, एक दिवस उर्दू. ऐकणारे तेच.”

राजन्ना गारू, त्या क्षणी राहीबाईंनी गुळाचा खडा तुमच्या हातावर ठेवला, तो तुम्ही खाल्लात, आणि आमच्या समितीचा ठराव झाला. मराठी माणसांच्या समितीचा ठराव इतक्या लवकर होताना मी पहिल्यांदाच पाहिला. तुमचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू? मास्तर आज जाताना मागं वळून पाहतील तर त्यांना मेळा उभा दिसेल, तो तुमच्यामुळे आणि या बाईमुळे.

आता मास्तर, शेवटचं तुमच्याशी. खरं सांगा, इतकी वर्षं तुम्ही या व्यासपीठावर एकदा तरी बोललात? जगातली वर्तमानपत्रं वाचलीत, आलेल्या पाहुण्यांच्या चुका हळूच दुरुस्त केल्यात, पण स्वतः एक शब्द नाही. कारण नियम तुम्हीच केला होता की वक्ता बाहेरचाच हवा. गावातल्याला उभं केलं की मानपान सुरू होतात, मेळा राहतो बाजूला. नियम चांगलाच होता. आम्हाला मात्र तुमचं भाषण ऐकायची फार इच्छा होती, आणि नियमानं ती मारून टाकली.

तर समितीनं काल एकमतानं असं ठरवलं आहे. एक नोव्हेंबरपासून सुधाकरराव मास्तर मुंबई राज्याचे रहिवासी झाले. म्हणजे बाहेरचे झाले. आमच्या मनाविरुद्ध झाले, पण कागदोपत्री पक्के बाहेरचे. तेव्हा येत्या दसऱ्याला पहिल्या दुपारचे वक्ते तेच. विषय त्यांनी निवडावा. सुएझ घ्यावा, हंगेरी घ्यावी, नाही तर रेघेपलीकडून आम्ही कसे दिसतो ते सांगावं. आमच्यासाठी तीही जागतिक घडामोडच आहे.

मंडळी, बोलण्याच्या भरात कोणाचे आभार राहिले असतील, कोणाचं नाव मागं-पुढं झालं असेल, कोणाची थट्टा अंगाला लागली असेल, तर आपल्या घरचा बडबड्या माणूस म्हणून पोटात घालावी. शेड देणाऱ्यांचे, सतरंज्या अंथरणाऱ्यांचे, चहा करणाऱ्या मायमाउल्यांचे आणि इतका वेळ मला सहन करणाऱ्या आपणा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो.

आणि मास्तर, एक विनंती. बाकीचे वक्ते पत्रात लिहितात, उतरण्याची सोय कुठं केली आहे ते कळवावे. तुम्ही तसं लिहू नका. फार लागेल आम्हाला.