पाचट कुणाचं ठेवायचं?

ऊस तोडल्यावर रानात उरलेलं वाळक्या पानांचं पाचट पेटलं की कसा तडतड आवाज होतो बघा. न्हावऱ्याजवळच्या आमच्या गावात एकदा ग्रामसभा भरली होती. बाहेर कुणाच्या तरी वावरातून तो आवाज येत होता आणि आत हायस्कूलचे सर सांगत होते, "पर्यावरण हा विषय आता सक्तीचा झालाय. एका वावरात पाचट जाळायचं नाही आणि मातीत काय फरक पडतो ते पोरांनी वर्षभर बघायचं. कुणीतरी वावर द्या, नाहीतर पोरांचे मार्क जातील."

जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. खरंच काय फरक पडतो ते मलाही बघायचं होतं, पण माझं रान कोरडवाहू, त्यात ऊस कुठला?

सरपंच आप्पा म्हणाले, "सर, पाचट ठिवलं की उंदीर व्हत्यात, सरीतनं पाणी फिरत न्हाई. ते नुकसान गावानं का सोसायचं? विषय सरकारनं काढलाय, तर वावर बी सरकारनंच द्यावं!"

सभा खदखदून हसली. तेवढ्यात बायकांमधून आप्पांची मंडळी उभी राहिली.

"कॅनॉलच्या चारीकडचं वावर घ्या, सर. आमची सुमी बी नववीत हाय."

आप्पा ओरडले, "कुणाला इचारून?"

"माझ्याच नावावर हाय की ते. मी बी साखर कारखान्याची सभासद व्हावं, निवडणुकीला घरातलं एक मत वाढावं म्हणून तुम्हीच केलंय न्हवं?"

आता आप्पा काय म्हणतात म्हणून मी पुढं वाकलो. त्यांनी टोपी नीट केली, चपला शोधून पायात घातल्या आणि निघून गेले.