छपराच्या आड आलेला आंबा

वडिलांचं बारावं उरकून स्वप्ना पालीहून रत्नागिरीच्या एसटीत बसली, तर मागच्या बाकावर एका म्हाताऱ्या जोडप्याची जुंपली होती.

"अवो, विनोद म्हनतो, दारचा आंबा तोडला की छपरावर सोलर बसंल. वीज फुकट."

"आनि पावसाळ्यात? मुंबईवरनं ऊन पाठवनार हाय तुझा लेक?"

"तवा कोळशाची वीज हायच की."

"मग बारा महिने तीच वापरू."

"तिचा धूर व्हतो म्हनं. शिवाय कोळसा संपनार. ऊन संपत नाय."

"आंबा संपतो ना पन! माझ्या चितेला राखलाय तो. बापाला थोरला तोडला, तसा."

"सांगितलं मी त्याला. म्हनला, लाकडं पडवीत रचून ठेवू, आबांना कमी पडनार नायत."

"म्हंजे मी रोज ती बघत पेज खायची?"

"खा की, फुकटच्या पंख्याखाली बसून."

"आनि तू आधी गेलीस तर?"

"तर लाकडं मी नेते. तुमास्नी ऊन हायच."

पुढे वाकून म्हाताऱ्यानं स्वप्नाला विचारलं, "बाय, तुमच्या घरावर ऊन येतं काय?"

"येतं," ती म्हणाली. "बाबांसाठी दारचा आंबा तोडला, तेव्हापासून भरपूर येतं."