भिंतीपलीकडचं उत्तर

थेरगावात चाळ पाडून बांधलेल्या नव्या पाच मजली इमारतीत विजयश्री भाड्यानं राहायला आली, ती जणू ठकठक ऐकायलाच. रात्रपाळीहून येऊन जरा डोळा लागला की पलीकडून कुणीतरी भिंत वाजवायचं. तीही चिडून उलट वाजवायची. आज तर तिनं दणकाच घातला.

संध्याकाळी बसच्या रांगेत तिच्यापुढं दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“कमरून, चाळीतल्यासारखी रोज सकाळी भिंत वाजवती मी. तू उलट वाजवलंस की एकटीला धीर येतो बघ.”

“मी कुठं वाजवते, दुर्गाक्का? माझं घर आता तुमच्या दुसऱ्या अंगाला आलंय. त्या भिंतीपलीकडं कुणी नवीन भाडेकरू आहे.”

“आगं बया! वळख ना पाळख!”

विजयश्रीनं मान खाली घातली.

“पर मायाळू हाय गं माणूस. आज तर लई जोरात वाजवलं!”