रपट्यावरचा तिसरा गेर

अन् झालं पाहा पुन्हा काळं! हे कालच धुऊन तारीवर टाकलेलं पिवळं पातळ, भावानं भाऊबीजेले घेऊन देलेलं, अन् आता पाहा, जसं चुलीच्या धुराड्यातून काढलं! तुमीच सांगा, माणसानं कपडे वाळू घालाचे का नाई? बाजूच्या फाटकातून आमच्या खुशालभाऊंचा ट्रक निघते, एक्क्याण्णव सालचा, रोज आठाच्या ठोक्याले, भडभड भडभड करत, अन् धुराचा अख्खा लोट माह्या तारीवर! पन बोलू कोनाले? जाऊ द्या, मले काय करायचं हाय म्हना!

तुमाले सांगते, मी काही कोनाच्या घरात डोकावनारी बाई नाई. आमच्या दोन घरायच्या मधातली भिंत ठेंगनी हाय, त्याले मी काय करू? भांडे घासता घासता आयकू येते. आता भांडे घरात घासता येते, हे खरं हाय, पन उजेड कुठी हाय घरात?

तं असंच भांडे घासून राहिली होती मी, अन् तिकडून अमोलचा आवाज. अमोल म्हनजे खुशालभाऊंचा पोरगा, कापूस वाहाचा धंदा आता तोच पाह्यते. तो म्हने, "बाबा, आपली गाडी जिनिंगवर पोचेस्तोर लोकं गाडी खाली करून घरी येऊन राहिले! परवा मूर्तिजापूरपाशी तुमाले ट्रॅक्टरनं मागं टाकलं. ट्रॅक्टरनं! संक्रांतीपर्यंत बडनेरा-अकोला दिवसाच्या दोन चकरा झाल्या तं गाडी ठेवू, नाईतं भंगारवाल्याले फोन लावतो मी."

अन् खुशालभाऊ? गेले, अंगावरचा दुपट्टा काढला अन् गाडीची काच पुसत बसले. बत्तीस वर्षं झाले त्या गाडीले त्यायच्या हाताखाली… आता तुमी म्हनसान, आशाबाई, तुमी मधात काहून पडल्या? पडली नाई मी! भिंतीवरून फक्त इतकंच म्हटलं, "भाऊजी, अकोल्याले माह्या माहेराच्या गल्लीत गोवर्धन पंपवाला हाय, जुन्या इंजिनाले पळवते म्हनते." बस, एवढंच. मले काय करायचं हाय म्हना!

दुसऱ्या दिवशी गाडीत मी! आईले भेटाचं होतंच, अन् दुकान दाखवाले कोनी पाह्यजे का नाई? गोवर्धननं डिझलचा पंप खोलला, अन् त्याच्या पोटातून एक डबी काढली, तिले गव्हर्नर म्हनते. मी इचारलं, हे काय करते? तो म्हने, "काकू, याच्यात दोन वजनं फिरते. इंजिन जास्त पळालं की ते वजनं फाकते, स्प्रिंगले दाबते, अन् डिझल कमी करते. म्हनजे इंजिन हद्दीच्या बाहेर जात नाई."

म्हटलं, म्हनजे सासूच!

"तशीच समजा. आता हे स्प्रिंग काढून कडक टाकतो, वॉल्वच्याही स्प्रिंगा कडक टाकतो, मंग सासू काही लवकर बोलत नाई. पन भाऊ, इंजिन म्हातारं हाय, सांभाळून पळवा."

खुशालभाऊ म्हने, "म्हातारा तुहा बाप! टाक कडक!"

तसं गोवर्धननं जुनं स्प्रिंग काढून टिनावर फेकलं. एवढुसं, करंगळीएवढं. मी उचललं, पदरानं पुसलं, पिशवीत टाकलं. कायले, ते नका इचारू, लोखंड हाय, कामी येते.

अन् मंग काय सांगू तुमाले! येताना गाडी अशी किंचाळली, अशी किंचाळली… पह्यले कशी, दुसऱ्या गेरात थोडीशी पळाली की तिचा दम संपे, लगेच तिसरा टाका लागे. आता दुसऱ्यातच ओढत ओढत कुठी घेऊन जाते! बोरगाव मंजूच्या पुढं एस्टी मागं टाकली! खुशालभाऊ असे हासले, मिशा खिडकीच्या बाहेर! मी डोळे मिटून मोझरीच्या महाराजांचं भजन म्हनून राहिली होती, अन् हा बुढा म्हनते, "वहिनी, डोळे उघडा, ट्रॅक्टरवाला दिसला का कुठी?"

आठ दिवसात दोन-दोन चकरा सुरू! अमोल भंगारवाल्याचं नावबी काढे ना. सगळं चांगलंच झालं न? नाई वो! तिथंच तं खरी गोष्ट हाय.

माणिकबाई. खुशालभाऊंची बायको. आता तिची एक रीत हाय, अख्ख्या वस्तीले माहीत हाय. आमच्या वस्तीच्या तोंडाशी नाल्यावर रपटा हाय, पावसाळ्यात पान्याखाली जानारा ठेंगना पूल. गाडी रपट्यात उतरे, दुसऱ्या गेरात वर चढे, घुर्रऽऽऽ… अन् वर आली की तिसरा गेर पडे, खट्! ते खट् आयकलं की माणिकबाई तवा ठेवे. रपट्यापासून फाटकापर्यंत जेवढा वेळ, तेवढ्यात तिची ज्वारीची भाकर थापून, भाजून, फुगून तयार! बत्तीस वर्षांत त्या माणसानं थंडी भाकर खाल्ली नाई. अन् एकटी तिचीच रीत काय म्हनून सांगू? ते खट् आयकून मी दिवा लावे, समोरच्या गुरुजींची म्हातारी औषधाची गोळी घेई, अन् माहं तं… जाऊ द्या, आता निंघालंच तं सांगते. माही वरात याच गाडीत आली. मागं वऱ्हाडी, कॅबिनमधी मी नवरी, बाशिंग काचेवर आपटून राहिलं, रडून रडून डोळे सुजले. रपटा चढला तसे खुशालभाऊ म्हने, "वहिनी, रडनं थांबवा, तिसरा टाकतो, आता घर आलं." अन् खट्! मले सासर असं आवाजातून भेटलं, तोंड पाहाच्या आधी.

तं त्या दिवशी काय झालं, संध्याकाळ, दोन चकरा मारून खुशालभाऊ आले, गाडी किंचाळत रपट्यावरून सरळ दुसऱ्याच गेरात फाटकापर्यंत! खट् नाई, काही नाई. फाटक बंद. हॉर्न वाजवला. आतून माणिकबाई वरडली, "कोन होय वो? ट्रक तिकडे लावा, आमचे मालक येऊन राहिले!"

"अवो, मीच हाय मालक!"

बाहेर आली, पाहत राह्यली. तवा थंडा, परात कोरडी. त्या रात्री खुशालभाऊंनी सकाळची भाकर खाल्ली, दुधात कुस्करून. मी होती भिंतीपाशी… भांडे घासत.

मंग रोज तेच. हायवेवरून कोनतीबी नवी गाडी किंचाळली की माणिकबाई धावून तवा ठेवे, भाकर टाके, अन् मालक येईस्तोर भाकर कोळसा! एका आठवड्यात गॅस संपला. अमोल म्हने, "आई, मोबाइलवर बाबाचं लोकेशन पाहात जा न."

माणिकबाई म्हने, "काहून? मोबाइलमधी भाकर फुगते काय?"

पाचाच्या आधीच ती फाटकापाशी उभी राहाले लागली, थंडीत, डोक्यावर पदर घेऊन. बत्तीस वर्षं जिनं कधी वाट पाह्यली नाई, कारन वाट आयकू येत होती… ती वाट पाहाले लागली. अन् खुशालभाऊ? दोन चकरा मारनारा तो वाघ, जेवताना पाह्यला मी, थंडी भाकर नुसती कुस्करत बसे. मले काय करायचं हाय म्हना! पन मले झोप लागे ना. पंपवाल्याचा पत्ता कोनं सांगितला होता?

सकाळी उठली, बटनाच्या डब्यातून ते स्प्रिंग काढलं, भिंतीवरून हात लांब केला. "भाऊजी, हे तुमचं राह्यलं होतं माह्यापाशी."

त्यायनं पाह्यलं. तळहातावर घेतलं. म्हने, "वहिनी, हे टाकलं तं एकच चकर होईन. अन् परवा संक्रांत हाय."

म्हटलं, "मले काय करायचं हाय! मी तं तुमची वस्तू परत केली."

गेले वो! तसेच अकोल्याले गेले, गोवर्धननं लाख समजावलं, यायनं आयकलं नाई, जुनं स्प्रिंग टाकूनच आनलं. अन् संध्याकाळी इकडे, बाप जुनं स्प्रिंग टाकाले गेला हे कळलं तसा अमोल अंगनात, फोन कानाले, भंगारवाल्याशी पक्कं करून राहिला, "हो हो, उद्या सकाळी या, गाडी घरीच राहीन, माही जबान…"

अन् रपट्यावरून आलं. घुर्रऽऽऽ… खट्!

तुमाले सांगते, त्या पोट्ट्याचे पाय आपोआप उचलले! लहानपनी जसा धावे न फाटक उघडाले, खट् आयकलं की खेळ टाकून, तसाच धावला! फाटकाचे दोन्ही पल्ले उघडून उभा, फोन हातात, अन् फोनमधून तो भंगारवाला, "हॅलो? हॅलो भाऊ? उद्या किती वाजता?" आतून तव्याचा आवाज आला. ज्वारीच्या भाकरीचा वास आला. मी दिवा लावला. अमोलनं फोन कानाले लावला, घसा साफ केला, म्हने, "नाई भाऊ… उद्या नाई. कधीच नाई. चुकून लागला होता फोन."

बस. आता एकच चकर होते. ट्रॅक्टरं मागं टाकते, सायकलीबी टाकत असन. दुसऱ्या चकरेसाठी अमोलनं भाड्याची गाडी लावली, अन् हे नवराबायको गरम भाकर खाऊन खूश!

अन् मी? मी हे पाहा, पिवळं पातळ तिसऱ्यांदा धुऊन राहिली. काल माणिकबाईले म्हटलं, "बाई, धूर लय येते वो तुमच्या गाडीचा!" ती काय म्हने ठावूक हाय? "आशाबाई, त्या कडक स्प्रिंगनं म्हातारं इंजिन आपोआप बंद पडलं असतं, मंग जुनं काहून परत केलं?"

आता याच्यावर काय बोलाल तुमी? नाई, तुमीच सांगा… आठ वाजले, थांबा, तारीवरचं आधी काढू द्या!